आवड आणि विश्वास : जाहिरातीतले तारे आणि आपली मुले



वाङ्मयीन मंडळाच्या व्याख्यानमालेत एका होमिओपॅथिक डॉक्टरने जाहिरातींवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण जाहिरात हा शब्दांचाच व्यवहार आहे. कोणता शब्द कोणी उच्चारला म्हणजे त्याला किंमत येते, हा साहित्याचा जुना प्रश्न आहे आणि जाहिरातीचा सारा धंदा त्याच प्रश्नावर उभा आहे. शिवाय त्या शब्दांचे जे परिणाम शरीरावर होतात, ते शेवटी आम्हा डॉक्टरांच्या दारात येतात. म्हणून हा विषय मी आपणहून निवडला.

आपल्या बेळगावात पाट्यांच्या भाषेवरून किती वाद झाले, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. कानडी किती, मराठी किती, अक्षरे केवढी, वर कोण आणि खाली कोण, यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडलो. पण एखाद्या सिनेनटाचा वीस फुटी चेहरा चौकात लागतो, तेव्हा त्याला कोणी भाषा विचारत नाही. तो मराठी घरातल्या मुलाचा असतो, कानडी घरातल्याही असतो आणि उर्दू शाळेत जाणाऱ्याचाही असतो. खालची ओळ वाचण्याआधीच चेहऱ्याने आपले काम केलेले असते. सीमाभागात कोणताही वाद न होता सर्वांनी मान्य केलेली एकच गोष्ट असेल, तर ती हा चेहरा आहे. मग त्याच्याकडे जरा निरखून पाहायला हवे.

ही प्रथा आजची नाही. लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय अभिनेत्री म्हणजे लीला चिटणीस. साल १९४१. लीलाबाईंचा जन्म आपल्या शेजारच्या धारवाडचा. म्हणजे या गोष्टीची एक मुळी आपल्याच परिसरात सापडते. त्याच्याही आधी रवींद्रनाथ टागोरांनी गोदरेजच्या साबणासाठी आपले नाव दिले होते. तो स्वदेशीचा काळ होता. परदेशी साबणात प्राण्यांची चरबी असे आणि गोदरेजने वनस्पती तेलापासून साबण काढला होता. आमच्यासारख्या जैन घरांना त्याचे अप्रूप वाटणे साहजिक होते. तेव्हा प्रसिद्ध माणसाने वस्तूची शिफारस करणे मुळातच वाईट, असे मी म्हणणार नाही. रवींद्रनाथांनी एका विचाराच्या बाजूने आपले वजन टाकले होते आणि वस्तू साबणाची होती. साबणाने फार तर कातडी कोरडी पडते.

मग बदलले काय? दोन गोष्टी बदलल्या. पहिली, जाहिरात कोणाशी बोलते. लक्सची जाहिरात मासिकात येई आणि घर चालवणाऱ्या बाईशी बोले. तिच्या हातात महिन्याचा हिशेब असे. पटले नाही तर ती पुढच्या महिन्यात दुसरा साबण आणी. आजची जाहिरात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाशी बोलते. त्याच्या हातात हिशेब नसतो, फोन असतो. दुसरी गोष्ट, विकले काय जाते. साबण, बिस्किट, टूथपेस्ट यांच्या पुढे जाऊन आज त्याच चेहऱ्यांनी सुपारीच्या पुड्या, पैसे लावून खेळायचे खेळ आणि गोरेपणाची मलमे विकली आहेत. चेहरा तोच राहिला, त्याच्या हातातली वस्तू बदलली.

हे काम नेमके कसे चालते, ते समजून घेऊ. कॅनडाचे मानववंशशास्त्रज्ञ ग्रँट मॅक्रॅकन यांनी १९८९ साली या विषयावर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे साध्या मराठीत सांगतो. नट किंवा खेळाडू आपल्या कामातून एक अर्थ कमावतो: शौर्य, रुबाब, कष्ट, प्रामाणिकपणा, जे काही असेल ते. जाहिरात तो अर्थ त्याच्या अंगावरून उतरवून वस्तूवर चढवते. मग वस्तू विकत घेणारा तो अर्थ स्वतःच्या अंगावर चढवू पाहतो. तीन पायऱ्या आहेत. माणसाकडून वस्तूकडे, वस्तूकडून ग्राहकाकडे, आणि या सगळ्याच्या आधी समाजाकडून त्या माणसाकडे. ही पहिली पायरी आपण विसरतो. फलंदाजाचे शौर्य आपण टाळ्या वाजवून त्याला दिलेले असते. म्हणजे जे आपल्याला विकले जाते, ते मुळात आपणच दिलेले आहे.

मी माझ्या रोजच्या भाषेत याला असे म्हणतो की माणसाच्या मनात दोन खाती असतात. एक आवडीचे, दुसरे विश्वासाचे. आवड पटकन जमते, तिला कारण लागत नाही आणि लागूही नये. एखाद्याचा कव्हर ड्राइव्ह आवडला, एखाद्याचे नाचणे आवडले, एवढे पुरे असते. विश्वास मात्र हळूहळू, अनुभवाने जमा होतो. वाण्याने वर्षानुवर्षे वजन नीट केले म्हणून आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो, तो देखणा आहे म्हणून नव्हे. प्रसिद्ध चेहऱ्याची जाहिरात आवडीच्या खात्यातली रक्कम विश्वासाच्या खात्यावर वळती करते, आणि तेही खातेदाराची सही न घेता. मोठ्या माणसाच्या हे थोडेफार लक्षात येते. मुलांच्या बाबतीत ही दोन खाती अजून वेगळी झालेलीच नसतात. आई आवडते आणि आईवर विश्वास असतो. शिक्षक आवडतात आणि त्यांचे खरे वाटते. मुलाच्या जगात हे बरोबरच असते. तेच सूत्र घेऊन ते मूल आपल्या लाडक्या नटाकडे पाहते. म्हणून मुलाला ‘तू फसलास, तू बावळट आहेस’ म्हणणे अन्यायाचे आहे. त्याच्या वयाला जे स्वाभाविक आहे, त्याचाच कोणीतरी उपयोग करून घेतलेला असतो.

इथे एक तुलना मनात येते. आम्ही बीएचएमएसला साडेपाच वर्षे घालवतो. त्यानंतरही आमच्या व्यवसायाची आचारसंहिता सांगते की वैद्याने स्वतःची जाहिरातबाजी करू नये. शिवाय १९५४ पासून औषधे आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे. त्यात कर्करोग, मधुमेह अशा ठरावीक आजारांवर हमखास इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे. हे योग्यच आहे. आजारी माणूस अगतिक असतो आणि त्याच्या अगतिकतेवर कोणी दुकान थाटू नये. आमच्या पॅथीच्या नावानेही केस वाढवण्याच्या आणि त्वचा उजळवण्याच्या जाहिरातींत नटनट्या दिसू लागल्या, तेव्हा मला त्याची लाज वाटली, हेही सांगून टाकतो. शिकलेल्या माणसाने शरीराबद्दल जाहिरात करायची नाही आणि शरीराचा एक दिवसही अभ्यास न केलेल्या माणसाने मात्र लाखो मुलांना काय खावे, काय चघळावे ते सांगायचे, हा उलटा न्याय आपण मुकाट्याने मान्य केला आहे.

आता एकच उदाहरण खोलात जाऊन पाहू. ते उदाहरण वेलदोड्याचे आहे.

२००३ साली सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांविषयीचा केंद्रीय कायदा झाला. त्याच्या कलम ५ ने तंबाखूच्या जाहिरातीवर आणि प्रायोजकत्वावर बंदी घातली. कलम ६ ने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकायला आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत विक्री करायला मनाई केली. पुढे २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन मिसळायला बंदी केली. गुटख्याच्या बाबतीत गोवा याच्याही पुढे होता. तिथे २००५ सालीच बंदी आली. महाराष्ट्रात ती २०१२ मध्ये आणि आपल्या कर्नाटकात २०१३ मध्ये आली. कागदावर एवढे सगळे झाले. पानपट्टीवर काय झाले? एका पुडीच्या दोन पुड्या झाल्या. एकीत सुपारीचा मसाला, दुसरीत तंबाखू. दोन्ही एकाच माळेवर टांगलेल्या. गिऱ्हाईक दोन्ही फाडतो आणि तळहातावर एकत्र करतो. कायदा कारखान्यात पाळला गेला आणि तळहातावर मोडला गेला.

जाहिरातीचे काय? तंबाखूची जाहिरात करता येत नाही, म्हणून त्याच नावाचा वेलदोडा बाजारात आला. कधी तो वर्ख लावलेला असतो, कधी केशराच्या वासाचा. जाहिरातीत नामांकित नट ऐटीत वेलदोड्याचा दाणा तोंडात टाकतो. जाहिरातीच्या धंद्यात याला सरोगेट म्हणतात. मराठीत याला बदली जाहिरात म्हणता येईल. शाळेत आजारी मुलाच्या जागी दुसऱ्याने हजेरी द्यावी, तसा हा प्रकार आहे. आता तुम्ही सांगा, वेलदोडा विकायला आपल्या गृहिणींना कधी नटाची गरज पडली आहे काय? श्रीखंडात घालायच्या वेलदोड्यासाठी आपण खडेबाजारात जातो, वास घेतो, भाव करतो आणि घेऊन येतो. एवढ्या मोठ्या नटाला एवढे मानधन देऊन जे विकायचे आहे, ते वेलदोडा असूच शकत नाही. मुलाच्या डोक्यात मात्र नाव ठसते, अक्षरांचे वळण ठसते, पुडीचा रंग ठसतो. पानपट्टीवर तो वेलदोडा मागत नाही, नाव मागतो.

‘पण त्यात तंबाखू नाही’ असे मला कितीतरी मुलांनी सांगितले आहे. त्यांच्या आयांनीही सांगितले आहे. इथे डॉक्टर म्हणून मला स्पष्ट बोलले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारीला स्वतंत्रपणे, तंबाखूशिवायही, कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. पहिला गट म्हणजे ज्याबद्दल माणसातला पुरावा पुरेसा आहे असा गट. सुपारीच्या सततच्या चघळण्याने तोंडाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साठत जातात. गाल चामड्यासारखे ताठ होतात. आधी तिखट झोंबू लागते. मुलगा पिठल्याबरोबर ठेचा खायचा बंद करतो आणि आई समजते की त्याची आवड बदलली. मग जांभई पुरी येत नाही. मग घास छोटा होतो. ही अवस्था कर्करोगाच्या आधीची मानली जाते आणि ताठ झालेले अस्तर पुन्हा पूर्ववत होत नाही. पुढचे बिघडणे थांबवता येते, तेही पुडी सुटली तर.

असे रुग्ण ‘तोंड आलंय, गोळ्या द्या’ म्हणून येतात. मी त्यांना तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगतो. आपणही घरी गेल्यावर करून पाहा. निरोगी माणसाची स्वतःची तीन बोटे सहसा सहज जातात. दोनच गेली तर मी साबुदाण्याच्या गोळ्या देऊन त्याला घरी पाठवत नाही. त्याच दिवशी मुखरोगाच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी देतो. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाला मी विचारले, ‘कधीपासून खातोस?’ तो म्हणाला, ‘डॉक्टर, मी तंबाखू खात नाही. ते टीव्हीवर दाखवतात ना, तेच खातो.’ त्याच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. जे टीव्हीवर उजळ माथ्याने दाखवतात, ते वाईट कसे असेल, असा त्याचा सरळ हिशेब होता. त्या मुलाची दोनच बोटे जात होती.

आपण सीमाभागातली माणसे याबाबत नुसते दूरचे प्रेक्षक नाही. निपाणी आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या काळ्या जमिनीतल्या तंबाखूवर किती घरे उभी राहिली, किती बायकांनी विड्या वळून मुले शिकवली, ते आपण पाहिले आहे. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी निपाणीत आंदोलन झाले. त्यात पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले. त्या शेतकऱ्याला आणि त्या विडी वळणाऱ्या बाईला मी आज दोषी धरत नाही. त्यांच्या हाताला दुसरे काम देणे ही आपल्या सर्वांची जबाबदारी होती आणि आहे. पण एक फरक लक्षात घ्या. शेतकरी पोटासाठी तंबाखू पिकवतो आणि त्याच्या भावासाठी त्याला जीव द्यावा लागला. जाहिरातीतल्या माणसाचे पोट कधीच भरलेले असते. त्याला ‘नाही’ म्हणणे शक्य असते. ज्याला नाही म्हणणे शक्य आहे, त्याच्या ‘हो’ची जबाबदारी जास्त.

दुसरे उदाहरण थोडक्यात सांगतो. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ. क्रिकेटपटू आणि नट आपापले संघ लावताना दिसत. भारतीय संघाच्या छातीवरही अशाच एका कंपनीचे नाव होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने या पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा सांगितली. त्यानंतर संघाच्या छातीवरचे ते नाव गेले. जैन परंपरेत सप्तव्यसने सांगितली आहेत, त्यात जुगाराचे नाव पहिले घेतात. बाकीच्या व्यसनांची वाट तिथून फुटते, म्हणून असेल. आपल्या मुलांना तो जुगार वाटला नाही, कारण तो त्यांना ज्यांनी सांगितला, ते मैदानावरचे वीर होते.

आता कायदा काय म्हणतो? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने प्रथमच जाहिरातीतल्या व्यक्तीला स्पष्टपणे जबाबदार धरले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. शिवाय एक वर्ष आणि पुन्हा चूक झाली तर तीन वर्षांपर्यंत कोणत्याही जाहिरातीत काम करायला बंदी. मात्र नीट चौकशी करून मगच जाहिरात केली असे दाखवता आले, तर सुटका. ९ जून २०२२ रोजी आणखी मार्गदर्शक नियम निघाले. त्यांत बदली जाहिरातींना मनाई केली. आणि आपल्या विषयाचे थेट कलमही त्यांत आहे: ज्या वस्तूवर आरोग्याचा इशारा द्यावा लागतो किंवा जी मुलांना विकत घेता येत नाही, तिच्या जाहिरातीत क्रीडा, संगीत किंवा चित्रपट क्षेत्रातली व्यक्ती घेऊन मुलांना ओढू नये. नियम चांगले आहेत. पण रस्त्यावरच्या वेलदोड्याला ते अजून पुरेसे पोचलेले नाहीत, हे आपल्याला दिसतेच आहे. कायदा वस्तूचे नाव वाचतो, आणि इथे नावच बदललेले असते.

म्हणून मला कायद्यापेक्षा जुने एक माप आठवते. जैन धर्मात कर्माचा विचार करताना तीन शब्द एकत्र येतात: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले, आणि दुसऱ्याने केलेल्याला दिलेली संमती. आमच्या मंदिरात लहान मुलालाही हे तीन शब्द ठाऊक असतात. जपमाळेचे एकशे आठ मणी का, याचा एक हिशेब तत्त्वार्थसूत्रातल्या विवेचनावरून सांगतात. एखादी कृती मनात योजणे, तिची सामग्री जमवणे आणि ती सुरू करणे हे तीन टप्पे; मन, वाणी आणि काया ही तीन साधने; कृत, कारित, अनुमोदित हे तीन प्रकार; आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशे आठ. पापाच्या या हिशेबात नुसती मान डोलावणाराही सुटत नाही.

जाहिरातीत काम करणारा माणूस म्हणतो, ‘मी पुडी बनवली नाही, मी कोणाला खायला लावली नाही, मी फक्त चेहरा दिला.’ कृत नाही, कारित नाही, असे त्याचे म्हणणे. पण चेहरा देणे हेच तर अनुमोदन आहे. आणि गंमत पाहा, इंग्रजीत या धंद्याला जो शब्द आहे, त्याला मराठीत नेमका प्रतिशब्द शोधायला गेलो तर ‘अनुमोदन’च सापडतो. आपल्या भाषेने हा निवाडा आधीच करून ठेवला आहे. सभेत ठरावाला अनुमोदन देणाऱ्याचे नाव इतिवृत्तात लिहितात, कारण ठराव जितका मांडणाऱ्याचा तितकाच त्याचाही असतो. वाङ्मयीन मंडळाच्या माणसांना हे मी सांगायला नको.

अनुमोदन मागे घेता येते का? येते, आणि घेतलेही आहे. अमिताभ बच्चन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये पान मसाल्याच्या एका जाहिरातीतून अंग काढून घेतले आणि मानधन परत केल्याचे जाहीर केले. एप्रिल २०२२ मध्ये अक्षय कुमार यांनी वेलदोड्याच्या अशाच एका जाहिरातीबद्दल चाहत्यांची माफी मागितली, पण कराराची मुदत संपेपर्यंत जाहिरात चालू राहू शकते, हेही त्यांना सांगावे लागले. माफी एका दिवसात मागता येते, चौकातला चेहरा एका दिवसात उतरत नाही. म्हणून आधीच नाही म्हणणाऱ्यांचे मोल जास्त आहे.

असे नाही म्हणणारेही आपल्याकडे झाले. १९९६ चा क्रिकेट विश्वचषक एका सिगारेटच्या नावाने खेळला गेला. त्या काळात बॅटवर सिगारेटच्या नावांची लेबले असत. सचिन तेंडुलकरची बॅट त्या स्पर्धेत कोरी होती आणि त्याच कोऱ्या बॅटने त्याने स्पर्धेत सर्वाधिक, ५२३ धावा केल्या. तंबाखू आणि दारूची जाहिरात करणार नाही, असा शब्द वडिलांना दिला होता, असे त्याने जाहीरपणे सांगितले आहे. ते वडील म्हणजे मराठीचे प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर. सचिनने शीतपेयांच्या जाहिराती केल्या, हेही खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण एक रेघ त्याच्यासाठी घरात ओढली गेली होती आणि ती त्याने ओलांडली नाही. पुलेला गोपीचंद यांनी २००१ साली ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली, तेव्हा शीतपेयाची जाहिरात त्यांच्याकडे चालून आली. जे शरीराला चांगले नाही, ते मी विकणार नाही, म्हणून त्यांनी ती नाकारली. बॅडमिंटनपटूला क्रिकेटपटूएवढा पैसा मिळत नसतानाच्या काळातला हा नकार आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती मला या सगळ्यांत आशेची वाटते. बच्चन यांनीच २०१४ साली अहमदाबादला विद्यार्थ्यांपुढे बोलताना सांगितली होती. जयपूरला एका शाळकरी मुलीने त्यांना विचारले की आमच्या बाई ज्या पेयाला विष म्हणतात, त्याची जाहिरात तुम्ही का करता? त्यांच्याजवळ उत्तर नव्हते, आणि पुढे त्यांनी ती जाहिरात सोडली. या गोष्टीत ती मुलगी तर आहेच, पण तिच्या बाईही आहेत. वर्गात सांगितलेला एक शब्द त्या मुलीच्या मनात जाहिरातीपेक्षा जड ठरला. म्हणजे आवडीचे आणि विश्वासाचे खाते मुलांना वेगळे ठेवता येते. कोणीतरी ते शिकवावे लागते.

ते आपण कसे शिकवावे? पहिले पथ्य, मुलाच्या आवडत्या माणसाची टिंगल करू नये. ‘तो काय नट आहे?’ असे आजोबा म्हणाले की नातू नटाची बाजू घेतो आणि त्याच्याबरोबर पुडीचीही घेतो. त्याचा खेळ, त्याचा अभिनय मुलाबरोबर बसून पाहावा. आवड राहू द्यावी. विश्वासाबद्दल मात्र तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. या माणसाला या विषयातले काय कळते? हे सांगण्याबद्दल त्याला काय मिळते? आणि जे दाखवले जाते आहे, तेच विकले जाते आहे का? वेलदोड्याच्या जाहिरातीसमोर दहा वर्षांचे मूल तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरोबर देते. मी विचारून पाहिले आहे.

दुसरे पथ्य आपल्यासाठी आहे आणि ते कडू आहे. या पुडीची प्रतिष्ठा नटांनी शून्यातून निर्माण केलेली नाही. पानसुपारी हा आपल्या घरातला मान आहे. विडा देणे, विडा उचलणे, सुपारी फुटणे हे आपल्या भाषेचे अलंकार आहेत. जेवणानंतर पितळी डब्यातून सुपारी कातरून मुलाच्या हातावर ठेवणारे हात आपल्याच आजी-आजोबांचे होते. ते प्रेम खोटे नव्हते. पण आज सुपारीबद्दल जे कळले आहे ते कळल्यावरही लग्नात ताटभर सुगंधी सुपारी फिरते, तेव्हा आपण मुलाला काय शिकवतो? मान बडीशेपेनेही देता येतो. निदान मुलांच्या हातावर सुपारी ठेवू नये, एवढे आपल्या घरांपुरते ठरवता येईल.

तिसरे पथ्य फोनचे. अमुक काढ्याने साखर जाते, तमुक तेलाने गुडघे बरे होतात, असे संदेश आपण वडीलधारी माणसे सकाळी उठून दहा ठिकाणी पाठवतो. आपल्या नातवंडांच्या दृष्टीने आपणही प्रसिद्ध चेहरेच आहोत. घरातला चेहरा तर सर्वांत प्रसिद्ध. आजोबांनी पाठवले म्हणजे खरे, असे ज्या मुलाला वाटते, त्याच्यासाठी आजोबांनी पुढे ढकललेला प्रत्येक संदेश हे अनुमोदन आहे. आपण तपासल्याशिवाय पुढे पाठवतो आणि नटाने तपासल्याशिवाय जाहिरात केली म्हणून त्याला नावे ठेवतो, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

मंडळाकडेही एक मागणे आहे. आपल्या कार्यक्रमांना, गणेशोत्सवाला, क्रिकेटच्या सामन्यांना, एकांकिका स्पर्धांना प्रायोजक लागतात. पैशाची चणचण मला माहीत आहे. तरीही मंडपाच्या कमानीवर कोणाचे नाव लावायचे, हे ठरवताना एवढे विचारावे की ते नाव पानपट्टीच्या माळेवरही लटकते का. लटकत असेल तर ती कमान कोरी ठेवावी. एका कोऱ्या बॅटने ५२३ धावा निघाल्या आहेत. आपला उत्सवही निघेल.